जांभ्याची भिंत आणि कोटा फरशी रेंडरमध्ये खरी का वाटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या एका घराचं ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमध्ये काम चालू आहे; त्यातून निघणारं चित्र म्हणजे रेंडर. बाहेर जांभ्याची भिंत, आत कोटा फरशी. नेटवरून उतरवलेले 8के टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायच्या प्रतिमा, लावलेत. रंग, नॉर्मल (उंचसखलपणाचा भास देणारा), रफनेस (पृष्ठभाग किती खरखरीत ते सांगणारा), सगळे मॅप जोडलेत. तरीही भिंत वॉलपेपर चिकटवल्यासारखी दिसते आणि फरशी प्लास्टिकची वाटते. क्लायंट फक्त "खोटं वाटतंय" एवढंच म्हणतो.

क्लायंटचं बरोबर आहे, आणि तुमच्या मॅपच्या फाइल्सही बहुधा ठीकच आहेत. गडबड दोन ठिकाणी असते: मॅप सॉफ्टवेअरला कसे वाचायला दिलेत तिथे, आणि खरा दगड भिंतीत कसा बसतो याकडे दुर्लक्ष झालेलं असतं तिथे.

आधी 8के चा विषय संपवू. 4के मॅप म्हणजे एका बाजूला 4096 पिक्सेल. तो दोन मीटर भिंतीवर पसरला की दर सेंटिमीटरला सुमारे 20 पिक्सेल मिळतात. तुमचं रेंडर 3840 पिक्सेल रुंद असेल आणि त्यात चार मीटर भिंत मावत असेल, तर चित्रात दर सेंटिमीटरला दहाही पिक्सेल येत नाहीत. म्हणजे 4के मधलाच निम्मा तपशील वाया जातोय. 8के चा एक मॅप मेमरीत उघडला की चार चॅनेल धरून 256 एमबी घेतो. असे चार लावले की एका भिंतीसाठी ग्राफिक्स कार्डातला एक जीबी गेला. 8के तेव्हाच लावा, जेव्हा कॅमेरा भिंतीपासून हातभर अंतरावर असेल. तुमच्या व्ह्यूमध्ये तो तसा नाही.

आता फरशी प्लास्टिकची का वाटते त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. इमेज टेक्स्चरच्या नोडवर, म्हणजे मटेरियल जोडताना वापरायच्या चौकटीवर, कलर स्पेस नावाची पट्टी असते. रंगाच्या मॅपला तिथे एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांची मोजणी) हवं. रफनेस, नॉर्मल, मेटॅलिक (धातू कुठे आहे ते), हाइट (उंची) या सगळ्यांना नॉन-कलर, म्हणजे रंग नव्हे, निव्वळ आकडे. मॅप हाताने ओढून टाकला की बहुतेक वेळा तो एसआरजीबीवरच राहतो. मग काय होतं पाहा. रफनेस मॅपमधला मधला राखाडी, म्हणजे 128, हा 0.5 म्हणून वाचला जायला हवा. एसआरजीबी समजून वाचला तर तो 0.21 होतो. संपूर्ण फरशी एकदम दुपटीहून जास्त गुळगुळीत झाली, आणि मॅपमध्ये काहीही चुकीचं नसताना! नॉर्मल मॅपचं तर आणखी वाईट होतं: सपाट भागाचा रंग 128, 128, 255 असतो, त्यातले पहिले दोन आकडे घसरले की सपाट पृष्ठभाग एका बाजूला कललेला समजला जातो आणि प्रकाश भलत्याच दिशेने पडल्यासारखा वाटतो. आधी हे तपासा. निम्मी तक्रार इथेच मिटण्याची शक्यता आहे.

त्याच वेळी नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेलही बघून घ्या. ब्लेंडरला ओपनजीएल पद्धतीचा मॅप लागतो, अनरियल या गेम इंजिनाला डायरेक्टएक्स पद्धतीचा. दोघांत हिरवा चॅनेल उलटा असतो. पॉली हेवन, ॲम्बियंटसीजी यांसारख्या मोफत संग्रहांत दोन्ही फाइल्स एकत्र मिळतात आणि घाईत चुकीची उचलली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: वरून दिवा टाका. जांभ्याची भोकं फोडांसारखी वर आलेली दिसली तर मॅप उलटा आहे.

रंगाच्या मॅपबद्दल एकच गोष्ट कायम मनात ठेवा: त्यात प्रकाश नसावा. सावली नाही, चमक नाही, फक्त त्या पदार्थाचा रंग. जांभ्याच्या बाबतीत हे विशेष अवघड आहे, कारण तो सगळा भोकांचाच दगड. मोबाइलने काढलेल्या फोटोत प्रत्येक भोकात वरून आलेल्या उन्हाची सावली असते. तो फोटो तसाच रंग म्हणून लावला आणि रेंडरमध्ये ऊन डावीकडून टाकलं, की भोकांत दोन सूर्यांच्या सावल्या दिसतात. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण खोटेपणा लगेच जाणवतो. शिवाय मोबाइल स्वतःहून कडा धारदार करतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो. ते सगळं रंगात उतरतं.

रंगाच्या आकड्यांनाही मर्यादा आहेत. कोळशासारखी काळी वस्तूसुद्धा पडलेल्या प्रकाशातला चारेक टक्के प्रकाश परत पाठवते. एसआरजीबीत ते 55 च्या आसपास येतं. स्वच्छ चुन्याची भिंत ऐंशी टक्क्यांच्या घरात, म्हणजे 230 च्या जवळ. पण लोक भिंतीला सर्रास 255 देतात. मग खोलीतला प्रकाश कुठेच शोषला जात नाही, कोपरे उजळतात, सगळं सपाट होतं आणि चित्रातले कण (नॉइज) जायला जास्त सॅम्पल, म्हणजे जास्त वेळा केलेली प्रकाशाची मोजणी, लागतात. पांढरी भिंत 230 वर आणून बघा, शेजारच्या जांभ्याचा लालसरपणा आपोआप भरदार वाटायला लागेल. आणि एओ मॅप, म्हणजे खाचांतल्या काळोखीचा मॅप, रंगावर गुणून लावू नका. सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं रेंडर इंजिन, ती काळोखी स्वतः मोजतो. तुम्ही पुन्हा लावली की ती दुप्पट होते. त्या मॅपचा खरा उपयोग पुढे, धूळ आणि शेवाळ कुठे बसवायचं ते ठरवताना होतो.

आता रफनेस. माझं सगळ्यात जास्त काम याच मॅपवर होतं. दगड कोणता हे रंगावरून कळतं. तो घासलेला आहे की नवा, पुसलेला की धुळीचा, ओला की कोरडा, हे रफनेसवरून कळतं. खरेपणा बहुतांशी याच माहितीत असतो. 2012 साली डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी सिग्राफ या ग्राफिक्स परिषदेत मांडलेल्या मॉडेलवर ब्लेंडरचा प्रिन्सिपल्ड शेडर (मटेरियलचा मुख्य नोड) मुळात उभा राहिला. त्यात रफनेसचा आकडा आत वर्ग करून वापरला जातो, म्हणजे 0.2 चे 0.4 केले की आतला परिणाम चौपट होतो. म्हणून गुळगुळीत फरशीत 0.05 चा फरकही डोळ्यांना दिसतो, तर 0.8 आणि 0.9 मध्ये क्वचितच काही कळतं. बारीक काम कुठे करायचं ते यावरून ठरवा. व्ही-रे या दुसऱ्या रेंडर इंजिनात काम करणाऱ्यांनी ग्लॉसीनेस (चकाकी) आणि रफनेस उलटे असतात हे लक्षात ठेवावं. मॅप उलटवायचा राहिला तर घासलेली जागा चकाकते आणि चकाकणारी मळते.

लोक एक आळस करतात: रंगाचा फोटो कृष्णधवल करायचा आणि तोच रफनेस म्हणून जोडायचा. कोटा फरशीवर हे सरळसरळ चुकतं. कोट्याचा हिरवट-निळसर करडा रंग जागोजागी गडद-फिका होतो, त्यात तपकिरी छटा असतात, पण पॉलिश सगळ्यावर सारखंच फिरलेलं असतं. गडद डाग जास्त चकचकीत असायचं काहीच कारण नाही. पॉलिश बदलतं ते माणसांच्या वावराने. कुठल्याही वापरातल्या घरात खिडकीकडे तोंड करून खाली बसा आणि फरशीवर पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब बघा. भिंतीलगतच्या वीतभर पट्टीत ते स्वच्छ असतं. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर ते पुसट होतं. मधूनच फडक्याचे अर्धगोल फराटे दिसतात, कारण पुसणाऱ्याचा हात कोपरातून फिरतो. हे तिन्ही थर मी वेगवेगळे करतो: पाया 0.2 च्या आसपास, वाटेवर मोठ्या नॉइज टेक्स्चरने (अनियमित ठिपक्यांच्या नमुन्याने) 0.35 ते 0.4 पर्यंत चढ, आणि फराट्यांसाठी अगदी हलका मॅप, 0.03 ते 0.05 एवढाच. फराटे डोळ्यांत भरले तर आकडा आणखी कमी करा.

कोट्याची आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच मॅपमध्ये मिळत नाही. फरशी हाताने बसवलेली असते, त्यामुळे दोन शेजारच्या लाद्या कधीच तंतोतंत एका पातळीत नसतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण प्रतिबिंबाला कळतं: खिडकीचा उभा गज दर सांध्यावर किंचित तुटून बाजूला सरकतो. रेंडरमध्ये तोच गज वीस फुटांपर्यंत सरळ रेषेत गेला की फरशी एकसंध काचेसारखी वाटते. म्हणून फरशीला एकच मोठा चौकोन ठेवू नका. प्रत्येक लादी वेगळी करा आणि जिओमेट्री नोड्सने (आकार आपोआप रचणाऱ्या साधनाने) तिला कुठल्याही दिशेने 0.1 ते 0.2 अंश कल द्या. सायकल्समध्ये मटेरियलच्या जिओमेट्री नावाच्या नोडवर 'रँडम पर आयलंड', म्हणजे प्रत्येक सुट्या तुकड्याला वेगळा आकडा, मिळतो. त्याने प्रत्येक लादीचं टेक्स्चर सरकवा, 90 किंवा 180 अंशांत फिरवा आणि रंगाची उजळी जराशी कमी-जास्त करा. एवढं केल्यावर 2के चा साधा मॅपसुद्धा पुरतो.

आता भिंत. ती वॉलपेपरसारखी दिसते याचं मूळ कारण असं, की तिथे भिंतीचा फोटो लावलाय, चिरे रचलेले नाहीत. जांभ्याची भिंत एकेका चिऱ्याने चढते. एका चिऱ्यातलं भोक दरज ओलांडून शेजारच्या चिऱ्यात जात नाही, रंगाची शीरही जात नाही. प्रत्येक चिरा खाणीतल्या वेगळ्या जागेचा. एक वीटकरी, दुसरा जवळजवळ जांभळट, तिसऱ्याच्या भोकांत पिवळी माती भरलेली. तुम्ही दोन मीटरचं टाइल होणारं टेक्स्चर लावलंत की दर दोन मीटरला तेच मोठं भोक आणि तोच पिवळा डाग परत येतो. असा एखादा ठळक डाग डोळा सगळ्यात आधी पकडतो. कोपऱ्यावर तर पितळ उघडं पडतं: खऱ्या भिंतीत एका थरात चिऱ्याची लांब बाजू दिसते, वरच्या थरात आखूड, आणि भोकं कडेवरून वळून दुसऱ्या बाजूला जातात. टेक्स्चरच्या भिंतीत कोपऱ्यावर अर्धा कापलेला चिरा असतो आणि दुसऱ्या बाजूला भलताच.

उपाय मेहनतीचा वाटतो, पण प्रत्यक्षात तासाभराचं काम आहे. सात-आठ चिरे नीट मॉडेल करा, कडा किंचित गोल करा, कारण जांभ्याची धार कुठेच सुरीसारखी राहत नाही. मग त्यांना ॲरेने किंवा जिओमेट्री नोड्सने थरांत रचा, थरागणिक सांधे मोडून. प्रत्येक चिऱ्याला टेक्स्चरमधला वेगळा तुकडा मिळेल असं सरकवा. मशीनने कापलेल्या चिऱ्यावर पात्याचे चरे असतात आणि हाताने घडवलेल्यावर टाकीचे आखूड घाव. कुठलं घर आहे ते क्लायंटला विचारा आणि तेच दाखवा. जुन्या घराला मशीनचे चरे दिले तर गावातला माणूस लगेच ओळखतो. दरजा सिमेंटने भरलेल्या असतील तर तो राखाडी रंग वेगळं मटेरियल म्हणून ठेवा, चिऱ्याच्या टेक्स्चरमध्ये मिसळू नका.

भोकांची खोली कशाने दाखवायची? 1978 मध्ये जेम्स ब्लिन यांनी दाखवून दिलं की पृष्ठभाग न हलवता फक्त त्याच्या लंबाची दिशा थोडी ढळवली तरी तो सुरकुतलेला दिसतो. बम्प आणि नॉर्मल मॅप आजही त्याच तत्त्वावर चालतात. पण ही फसवणूक कडेवर टिकत नाही आणि भोकाची सावलीही पडत नाही. चिऱ्यावरचे बारीक कण, टाकीचे घाव यांना नॉर्मल मॅप पुरेसा आहे. बोटाचं टोक जाईल अशा भोकांना खरं डिस्प्लेसमेंट, म्हणजे पृष्ठभाग प्रत्यक्ष हलवणं, हवं, निदान कॅमेऱ्याजवळच्या भिंतीला तरी.

ब्लेंडरमध्ये मटेरियलच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेसमेंट मुळात 'बम्प ओन्ली' वर असतं. ते 'डिस्प्लेसमेंट अँड बम्प' करा, नाहीतर नोड जोडूनही भिंत हलत नाही. सबडिव्हिजन, म्हणजे पृष्ठभागाचे बारीक तुकडे, पुरेसं द्या. ऑब्जेक्टचं स्केल लागू केलेलं असू द्या. मग नोडमधला स्केलचा आकडा मीटरमध्ये वाचा: आठ मिलिमीटर खोल भोकासाठी 0.008. डिफॉल्ट आकडा तसाच ठेवला की भिंत साळिंदरासारखी फुलते, आणि घाबरून लोक डिस्प्लेसमेंटच काढून टाकतात. मिडलेव्हल, म्हणजे मॅपमधला जागेवर राहणारा आकडा, 0.5 ठेवलं तर पृष्ठभाग आत-बाहेर दोन्हीकडे सरकतो. जांभ्याची भोकं आतच जातात, म्हणून मी मिडलेव्हल 1 ठेवतो, म्हणजे मॅपमधला पांढरा भाग जागेवर राहतो. हाइट मॅप 16 बिटचा घ्या. 8 बिटमध्ये उंचीच्या फक्त 256 पायऱ्या असतात, आणि तिरक्या उन्हात त्या पायऱ्या खरोखरच दिसतात. जेपीजी तर इथे नकोच, त्याचे चौकोनी ठोकळे उंची बनून बाहेर येतात.

स्वतः टेक्स्चर काढायचं असेल तर ढगाळ दिवस निवडा, कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर धरा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने न बदललेल्या फाइलमध्ये) काढा, एका फ्रेममध्ये मोजपट्टी आणि 24 रंगांचं कलर चेकर ठेवा. जांभ्याला एवढं पुरतं. पॉलिश केलेल्या कोट्याला पुरत नाही, कारण त्यात आकाश दिसतं. तिथे फ्लॅशवर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर त्याच्याशी 90 अंशांत फिरवलेला पोलरायझर लावायचा. पृष्ठभागावरून थेट उसळलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण टिकून राहतं, म्हणून तो लेन्सवर अडतो. दगडात शिरून बाहेर पडलेल्याचं मोडतं, म्हणून तो आत येतो. हाती येतो चकाकीशिवायचा शुद्ध रंग. मग कॅमेरा न हलवता लेन्सवरचा पोलरायझर फिरवून दुसरा फोटो काढला, तर दोन्हींच्या फरकातून चकाकी कुठे किती आहे तेही कळतं, आणि रफनेस मॅपला खरा आधार मिळतो. धातूवर मात्र ही युक्ती चालत नाही. धातूचा सगळाच प्रकाश पृष्ठभागावरून उसळतो, त्यामुळे फोटो जवळजवळ काळा येतो.

धातूचा विषय निघालाच आहे तर दाराच्या पितळी कडीबद्दल एवढंच: मेटॅलिक 0 किंवा 1, मधलं काही नाही. गंज आणि मळ हे धातू नाहीत, तिथे 0. दगड आणि लाकडाला मेटॅलिकला हात लावू नका, आणि स्पेक्युलरही (पृष्ठभागावरच्या परावर्तनाचा आकडा) आहे तिथेच राहू द्या, कारण 1.5 च्या अपवर्तनांकाला समोरून चार टक्के परावर्तन होतं आणि बहुतेक दगड-लाकूड-रंग त्याच आसपास असतात. सागाच्या दारात फक्त रेषांची दिशा बघा: उभ्या पट्टीत रेषा उभ्या, आडव्या पट्टीत आडव्या. सगळ्या दारावर एकच उभी रेषा गेली की ते सनमायका वाटतं.

इतकं झाल्यावर हवामान. कोकणातली भिंत वरपासून खालपर्यंत एकसारखी असूच शकत नाही. पागोळ्यांचं पाणी अंगणात आपटून मातीसकट भिंतीवर उडतं, म्हणून खालचे दोन-अडीच फूट काळवंडलेले आणि शेवाळलेले. खिडकीच्या खालच्या दोन टोकांपासून ओघळ. छपराच्या लगेच खालचा भाग कोरडा आणि मूळ रंगाचा. यासाठी उंचीनुसार बदलणारा मास्क (कुठे किती लावायचं ते सांगणारा मॅप), त्यात मोठा नॉइज, आणि मघाशी बाजूला ठेवलेला एओ, हे तिन्ही मिळवा म्हणजे शेवाळ भोकांत आणि दरजांत आधी जाईल. आणि तो मास्क फक्त रंगाला जोडू नका! तोच रफनेसलाही जोडा. शेवाळ कोरडं असेल तर रफनेस 0.9 च्या वर. रंग बदलला आणि चमक तीच राहिली तर ते शेवाळ रंगवलेलं वाटतं.

मटेरियल पारखताना प्रकाश आणि व्ह्यू ट्रान्सफॉर्म (मोजलेला प्रकाश पडद्यावरच्या रंगांत कसा उतरवायचा ती सेटिंग) दोन्ही बघा. समोरून सपाट उजेड असेल तर जगातला कुठलाही नॉर्मल मॅप दिसणार नाही. सूर्य भिंतीला तिरका आणा. फरशीला प्रतिबिंबासाठी समोर काहीतरी हवं: खिडकी, दार, बाहेरचं आकाश. रिकाम्या राखाडी जगात उत्तम कोटासुद्धा प्लास्टिक दिसतो, म्हणून एचडीआरआय, म्हणजे भोवतालच्या प्रकाशाचा फोटो, लावून आणि तो फिरवून बघा. ब्लेंडर 4.0 पासून एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म डिफॉल्ट आहे आणि तो उजळ भागातले रंग फिके करतो. उन्हातला जांभा फिका दिसला म्हणून रंगाच्या मॅपमध्ये लाल वाढवू नका, नाहीतर सावलीतली भिंत भडक होते. एक्स्पोजर उतरवा किंवा एजीएक्सचा जास्त कॉन्ट्रास्टचा लूक घ्या.

पावसाळ्यातला व्ह्यू मागितला तर, आणि कोकणातल्या घराचा मागतातच, ओल्या भिंतीचं वेगळं मटेरियल करू नका. याच मटेरियलवर ओलीचा एक मास्क चढवा. जांभा सच्छिद्र आहे. भोकांत पाणी भरलं की आत शिरलेला प्रकाश जास्त शोषला जातो, म्हणून रंग गडद आणि गहिरा होतो. मी अशा ठिकाणी रंग साधारण 0.6 ने गुणतो आणि रफनेस 0.3 ते 0.4 वर आणतो. पॉलिश केलेला कोटा पाणी फारसं पीत नाही, त्याचा रंग जेमतेम बदलतो, पण रफनेस 0.05 पर्यंत उतरतो. ओसरीवर पाणी साचलंय तिथे नॉर्मल मॅपची ताकद शून्य करा, कारण साचलेल्या पाण्याला वरून खडबडीतपणा नसतो, आणि अपवर्तनांक 1.33 ठेवा. डबक्याची कड एकदम तोडू नका. तिच्याभोवती चार बोटं ओलसर पट्टी ठेवा, जिथे रंग गडद आहे पण चमक नाही.